जारिंगान

थोरली लेक लग्न होऊन सुमात्राला गेली, त्या वर्षीची गोष्ट. तुकिजान ओट्यावर बसून दातांनी तार सोलत होता. शेजारी त्याची बायको नगातिनी उजवा पाय पाटावर ठेवून पट्टीवरच्या माश्या वारत होती. भाताच्या खाचरात गोगलगायीच्या फुटक्या शंखावर तिचा पाय पडला होता. साखरेचा आजार जुना, जखम भरून येत नव्हती. सकाळीच ती आरोग्य केंद्रात जाऊन नर्सकडून पट्टी बदलून आली होती.

"बू विनार्सिह काय म्हणाल्या?" त्याने विचारले.

"डॉक्टरांना फोटो दाखवते म्हणाल्या. वाईट असेल तर लगेच शहरातल्या दवाखान्यात न्यायला लागेल. तुमच्या फोनवर कळवतील."

"दुखतंय?"

"आता अजिबात नाही. तेवढंच बरं."

त्याने मान हलवली आणि पुढची तार उचलली.

"हाजींच्या माडीपर्यंत तुमची तार पोचली, पाकने," ती म्हणाली, "माझ्या चुलीपर्यंत लाकडं काही पोचत नाहीत."

"लाकडं वायफायनं येत नाहीत, बुने." पोरांचा बाप म्हणून ती त्याला पाकने म्हणे, पोरांची आई म्हणून तो तिला बुने.

"मग काय कामाचं ते!"

गावाला इंटरनेट तुकिजान पुरवत असे. टेकडीवरच्या बांबूच्या मनोऱ्यावर शहराकडून येणारी लहर पकडायची आणि माडांवरून, पागोळ्यांखालून तारा ओढून घरोघर वाटायची. जाळी चार, असे तो लोकांना समजावून सांगे. एक घरातले, एक गल्लीचे, एक गावापासून शहरापर्यंतचे आणि त्यापलीकडे सगळ्या जगाचे. बिघाड शोधायचा तो आतून बाहेर, याच क्रमाने.

दुपारी फोन वाजला. बू विनार्सिह यांचा निरोप होता.

"पाक तुकिजान, जारिंगान मेलंय. वरच्या बाजूला पसरत चाललंय. काय ते आजच करा."

आमच्या भाषेत तारांच्या जाळ्याला जारिंगान म्हणतात. अंगातल्या मांसालाही डॉक्टर-नर्स जारिंगानच म्हणतात. तुकिजानला असे निरोप रोज येत. कोणाचे जारिंगान झोपलेले, कोणाचे आजारी, कोणाचे मेलेले. आरोग्य केंद्रही त्याचेच गिऱ्हाईक होते, आणि वरच्या आळीची तार केंद्रावरूनच पुढे जात होती.

त्याने पक्कड कमरेला खोचली. घरातल्या डबीचे दिवे हिरवे होते. गल्लीतल्या पेटीचेही. केंद्राला कुलूप लागले होते. दुपारनंतर तिथे कोणी नसे. मागच्या माडावर चढला तेव्हा त्याला दिसले, उंदरांनी तार कुरतडून आतले तांबे उघडे पाडले होते. हे बरोबर सापडले म्हणून तो स्वतःशीच हसला. खराब तुकडा कापला, नवा जोडला, वरच्या आळीत दोन घरी जाऊन खात्री केली आणि नर्सला लिहिले, "झालं काम, बू. आता काळजी नाही."

"अल्हम्दुलिल्लाह," त्यांचे उत्तर आले. "लगेच नेलंत, फार बरं केलंत. कापावं लागलं का?"

'नेलंत' हा शब्द त्याने दोनदा वाचला. बाई घाईत काहीही लिहितात, असे म्हणून त्याने उत्तर दिले, "थोडंसंच. बाकी सगळं शाबूत."

घरी आला तेव्हा नगातिनी अंगावर सारोंग ओढून पडली होती. तिला थंडी वाजत होती.

"आला का निरोप?"

"आला. जाळ्याचा होता. केंद्राची तार उंदरांनी खाल्ली होती, नीट करून आलो."

"पायाचं काही नाही?"

"पायाचं एक अक्षर नाही."

"म्हणजे विशेष काही नसेल," ती म्हणाली. "असतं तर लिहिलं असतं."

"तर काय."

त्याने तिच्यासाठी आल्याचा चहा ठेवला.

पुढच्या आठवड्यात बू विनार्सिह टाके काढायला म्हणून आल्या. फाटकाशी स्कूटर लावतानाच त्यांना वास आला. त्या तिथेच थांबल्या.

"पाक," त्यांनी विचारले, "कुठल्या दवाखान्यात नेलं होतं तुम्ही?"

तुकिजान हातातली तार धरून उभा राहिला. त्याने खिशातून फोन काढला, त्यांचा निरोप उघडला आणि त्यांच्यापुढे धरला.

तुकिजानची बायको नगातिनी मोठ्या ईदच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी पहाटे, शहरातल्या दवाखान्यात वारली.