साठी भरेपर्यंत

या, जवळ सरकून बसा. एका हुशार भावाची गोष्ट सांगतो. हुशार म्हणजे इतका, की ऐकताना तुम्ही तोंडात बोटं घालाल.

शिवणकारखान्यात तो कापड बेतायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. आईवडिलांमागे थोरल्या बहिणीनं शर्टांची काजं करून त्याला वाढवलं, स्वतःचा संसार मांडलाच नाही. पगार वाढला तसा मास्तर पेन्शन योजनेत पैसे घालू लागला. घातलेल्या रकमेवर कर माफ! दरवर्षी पावती ताईपुढे फडकवायचा. "बघ, सरकारच्या तोंडातला घास काढला!"

"मग खोलीतला दिवा तरी बदल. सुईचं नेढं दिसत नाही मला."

"दिवा बदलून कर वाचत नाही, ताई!"

दोघं हसायची.

मास्तरच्या साठीला काही महिने उरले असताना डॉक्टरांनी ताईचे डोळे तपासले. काचबिंदू. "ऑपरेशन लगेच करा. आहे तेवढी नजर राहील."

सगळी शिल्लक योजनेत अडकलेली. मास्तरनं कारखान्याच्या हिशेबनिसाला गाठलं.

"आत्ता योजना मोडलीत तर वाचवलेला कर भरावा लागेल. साठीनंतर काही नाही," तो म्हणाला. "पण डोळ्यांचा प्रश्न आहे ना? मोडा की, मास्तर!"

मास्तरचा हात कापडावर कधी घाईनं चालला नव्हता. खडूनं आखायचं, पुन्हा मापायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, मग कात्री. उभ्या आयुष्यात त्याचं कापड वाया गेलं नव्हतं. इथंही त्यानं कात्री लावली नाही.

"साठी भरेपर्यंत कळ काढ, ताई. फुकट कर कशाला भरायचा?"

"अरे, पण डॉक्टर लगेच म्हणाले ना?"

"त्यांना बिल काढायचं असतं."

त्याचा हट्ट तिनं लहानपणापासून पुरवला होता, हाही पुरवला. कारखान्याची काजं तो घरी आणून द्यायचा, ती आता चाचपून करायची. सुई टोचली की बोट तोंडात धरायची. कापडावर रक्ताचा डाग दिसला, तर मास्तर मजुरी कापायचा. नियम म्हणजे नियम.

साठी भरली. ठरलेली रक्कम हातात आली, उरलेल्याची पेन्शन लागली, कराचा एक पैसा गेला नाही. मास्तर ऐटीत ताईला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांवर बॅटरी धरली आणि विझवली.

"आता कशाला आणलंत? काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही."

जिन्यात ताईनं त्याचा दंड धरला. "कर किती वाचला रे?"

हा टोमणा की साधा प्रश्न, त्याला कळेना. त्यानं आकडा सांगितला.

"बराच की," ती म्हणाली. "आता पायरी आली की सांगत जा."

पेन्शन वेळेवर येते. ताई खिडकीशी बसून मांडीवरच्या चिंधीवर काजं घालते. सुईत दोरा नसतो. तो ओवून द्यायचं मास्तरच्या ध्यानात राहत नाही.

मायबापहो, देवापुढे हात जोडाल, तेव्हा स्वतःसाठी मागून झालं की त्या ताईची आठवण ठेवा.