मुरमाचं उद्यान

माह्या पोराच्या खोलीच्या दारात मी मुरूम टाकला. घमेल्यानं वाहून टाकला, गुडघ्याच्या वर. गाव म्हणते, वच्छलाबाईचं डोकं उन्हानं फिरलं. फिरलं त फिरलं! कोणं फिरवलं ते ऐका पहिले.

आमचं गाव बुटीबोरीच्या अलीकडं. गावाच्या खालच्या अंगाले बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. पावसाळ्यात भरते, मे महिन्यात आटते, चिखलाले भेगा पडते. आटली म्हणजे मेली नाही. भेगांच्या खाली ओल राहते अन् त्या ओलीत बेडकं दबून बसते, पाण्याची वाट पाहत. माह्या चेतनले हे सांगायची गरजच नाही. लहानपणी हाच पोट्टा त्या चिखलात हात घालून बेडूक काढे अन् माह्या पदरात टाके. मी किंचाळली की लोळून लोळून हासे.

आता त्याच पोट्ट्याजवळ जेसीबी आहे. एका कंपनीनं ठरवलं की बोडीची जागा पडीत आहे, तिथं जैवविविधता उद्यान बनवायचं. अन् मुरूम पसरायचं काम कोणाले? चेतनले!

"काहून बे, तुले दुसरं काम नाही भेटलं?" मी म्हणलं.

"आपण नाही केलं त दुसरा करन, माय. अन् सुकलेली बोडी होय ते. त्यात काय आहे?"

"काय आहे ते तुले मालूम नाही?"

त्यानं चप्पल घातली अन् निघून गेला.

सोमवारी समाजमंदिरात कंपनीचं प्रशिक्षण होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'जैवविविधता आणि हवामान बदल: मूलभूत संकल्पना'. शिकवाले साहिल साहेब, उद्यानाचं काम पाहणारा. गोड बोलणारा पोरगा. म्हणे, "अधिवास म्हणजे जीवाचं घर. घर गेलं की जीव जातो." मी मान डोलावली. मग म्हणे, हवामान बदलल्यामुळे महिन्याचा पाऊस आता एका दिवसात पडतो, म्हणून पाणी मुरणाऱ्या जागा जपल्या पाहिजेत. मी अजून मान डोलावली. माह्या बाजूले शेजारची सुभद्रा बसली होती. मागच्या जुलैत असाच पाऊस कोसळला, तवा पाणी तिच्या उंबरठ्यापासून वळून बोडीत गेलं, म्हणून तिचं घर वाचलं. ते बी मान डोलवून राहिली होती. मले वाटलं, चला बाप्पा, पोरगा शहाणा आहे, बोडी वाचली.

मग त्यानं उद्यानाचं चित्र दाखवलं. बोडीच्या जागी लॉन. मधात फायबरचा हिरवागार बेडूक, त्याच्या तोंडातून कारंजं. अन् लोकं टाळ्या वाजवून राहिले!

मी उभी झाली. "साहेब, बोडीत बेडकं आहेत, जित्ते. त्याइच्यावर मुरूम टाकून फायबरचा बेडूक बसवता?"

तो हासला. "आजी, या महिन्यात आम्ही पाहणी केली ना. काहीच नव्हतं तिथं."

"या महिन्यात तुम्ही बी कूलरसमोर दबून बसले. मग तुम्ही काय मेले?"

लोकं खोखो हासले. चेतन मात्र लालबुंद झाला. "बस ना वं माय, इज्जत काढून राहिली तू."

इज्जत! माय बोलली त याची इज्जत जाते. बोडी गेली त काहीच जात नाही.

दुसऱ्या दिवशी मुरमाचे ट्रक, ते टिप्पर, लागले. मी बांधावर जाऊन उभी राहिली. चेतन जेसीबीवर, साहिल छत्रीखाली. खोल कोपऱ्यात चेतननं बकेट घातली, चिखलाचं ढेकूळ उचललं, अन् त्यातून एक बेडूक खाली पडला. मोठा, पिवळसर, डोळे मिटलेला. मी पाहिला. चेतननं बी पाहिला. मशीन थांबली. मले वाटलं, आता उतरते माहा पोरगा. साहिलनं हात हलवला, "चलो, चलो!" अन् चेतननं दांडा ओढला. बाजूचा मुरमाचा ढीग लोटला, सरळ त्या बेडकावर.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज वाटली मले, माह्या पोटच्या पोराची! बांधावर एका टिप्परचा ढीग पडला होता. घरून घमेलं आणलं अन् भरलं.

"काय करून राहिली वं बाई?" सुभद्रानं विचारलं.

"उद्यान बनवून राहिली. चेतनच्या खोलीच्या दारात."

"पोराले राग येईन."

"येऊ दे. मले आला तवा कोणं विचारलं?"

सुभद्रा घरात गेली अन् आपलं घमेलं घेऊन आली.

सांजेले चेतन आला. घामानं चिंब, केसात धूळ. दाराजवळ येऊन थबकला.

"हे काय होय, माय?"

"उद्यान. मधात तुह्या मापाचा फायबरचा पोट्टा बसवतो. तोंडातून कारंजं."

"पागल झाली का? माही खोली आहे ते!"

"पाहणी केली ना बाबू, दुपारी. काहीच नव्हतं तिथं."

त्यानं आवाज चढवला, "अन् आता मी झोपू कुठी?"

"हेच त्या बेडकानं विचारलं असन. तू काय सांगतलं त्याले?"

तो मुरमाच्या ढिगावर मटकन बसला. मले दया आली का? आली. पण राग जास्त होता, त मी पाणी बी नाही विचारलं.

केसातली धूळ झटकत म्हणे, "डोळे मिटून होता, माय."

"होता."

"खोल कोपरा अजून थोडा बाकी आहे."

"मग?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. साहिल. उद्या सकाळी लवकर कामाले लाग, हे सांगाचं असन. चेतननं फोन उचलला नाही. खिशातून जेसीबीची चाबी काढली अन् माह्या घमेल्यात टाकली.

साहिल दुसरा जेसीबी आणन, मले मालूम आहे. आणू दे. बांधावर मुरूम लय पडला आहे, अन् साहेबाच्या ऑफिसलेही दार आहेच.

फोन पुन्हा वाजला. चेतननं माह्याकडं पाहिलं अन् फोन पुढं केला. "घे. तूच बोल."

मी पदरानं हात पुसले, फोन कानाले लावला. "हॅलो साहेब, मी आजी बोलून राहिली. कूलरसमोर आहा ना? मग बसूनच राहा. माहं बोलणं लवकर संपत नसते."