चटईखालचा चेहरा

चटईखाली अंधार होता, उकाडा होता, आणि वीतभर अंतरावर कॅमेऱ्याचं काळं भिंग मातायोच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं.

"काका, फार मोठं झालं हो," बाहेरून दिग्दर्शिका लोसाचा आवाज आला. "ओठ असे थरथरवलेत की किनाऱ्यावरच्या माडांनासुद्धा दिसतील. कॅमेरा तुमच्या नाकाशी आहे."

मातायोनं मान हलवली. तीही मोठीच हलली.

प्रसंग तसा साधा. सिनेमात मातायोच्या मुलाच्या ट्रकखाली दुसऱ्या घरातला पोरगा गेलेला. मग बापानं त्या घराच्या अंगणात जाऊन बसायचं आणि केवड्याच्या पातीची बारीक विणीची चटई डोक्यावरून ओढून घ्यायची. घरातल्या वडीलधाऱ्यानं येऊन ती उचलली, तर माफी मिळाली. नाही उचलली, तर बसून राहायचं. सावाई बेटावर माफी अशीच मागतात.

मातायोला हा प्रसंग नवा थोडाच होता? गावोगावच्या भुताच्या विनोदी खेळात त्यानं तो किती वेळा केला होता! त्या खेळात नटाच्या अंगात भूत शिरलेलं असतं, म्हणून तो गावच्या मुखियाचीही टोपी उडवू शकतो; दुसऱ्या दिवशी कुणी जाब विचारत नाही. तिथंही मातायो चटईखाली बसायचा आणि नुसती पाठ हलवायचा. पाठ रडायची, पाठ रुसायची, मध्येच पाठीला खाज सुटायची, आणि चार गावं पोट धरून लोळायची. हसू ओसरेपर्यंत तो थांबायचा, मग पुढचा झटका. चटईच्या आत तोंड कसं असतं, हे त्यानं स्वतःसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. आत तो चक्क विसावा घ्यायचा.

आणि आता कॅमेरा नेमका आत शिरला होता.

"पाठ राहू द्या काका, तोंड द्या तोंड," पोटावर पालथा पडलेला कॅमेरावाला हेमी म्हणाला.

पुढच्या वेळी मातायोनं सगळं आवरून धरलं. भुवया नाहीत, ओठ नाहीत, श्वास नाही.

"कट! काका, आता तर तुम्ही झोपलात."

कुणी हसलं नाही. हसायला बंदीच होती. हेच त्याला खात होतं. खेळात कुणीतरी खोकतं, एखादी म्हातारी "मेल्या, लाज नाही वाटत!" म्हणून ओरडते, आणि त्या ओरडण्याला धरून नट पुढं जातो. इथं माणसं भोवती उभी, पण सगळी मुकी.

पाणी प्यायला तो नीरफणसाच्या झाडाखाली गेला, तेव्हा पलीकडे निर्माता फोनवर बोलत होता. "हो, म्हातारा जमत नाहीये. ऑकलंडच्या त्या नटाला विमानात बसवा, उद्याच्या बोटीनं बेटावर घेऊन या. आज आणखी एकदा बघतो, नाही तर बदलतो."

मातायोनं पाणी न पिताच भांडं खाली ठेवलं. रविवारी पाद्रीबाबांनी भर चर्चमध्ये त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली होती, सगळ्या गावानं त्याच्यासाठी भजन गायलं होतं. त्याची बायको सेलेपा तर पुढच्या बाकावर रडली होती. आता तिला जाऊन काय सांगायचं? की देवानं ऐकलं, पण माझं तोंडच कामाचं निघालं नाही?

लोसा जवळ आली. पोरगी ऑकलंडात वाढलेली, पण मोठ्यांसमोर वाकून बोलायची. "काका, ऐकलंत का तुम्ही?"

"ऐकलं, बाळ."

"या वेळी काही करू नका. नुसते बसा. मी हात केला की आसीआता आजोबा येऊन चटई उचलतील."

आसीआता म्हणजे ते ज्या घराच्या अंगणात होते, त्या खऱ्या घराचे खरे म्हातारे. नट नव्हेत. सिनेमात मेलेल्या पोराचे आजोबा झाले होते.

"नुसता बसलो की झोपलो म्हणतेस," मातायो पुटपुटला, आणि पुन्हा चटईखाली गेला.

"ॲक्शन!"

आता मनाचं कसं असतं पाहा. रडू यावं म्हणून त्यानं मेलेली आई आठवली. आठवली ती हसताना. आईही कामाला आली नाही. ठीक आहे, त्यानं मनाशी म्हटलं, आता चटई उचलतील आणि हे संपेल.

चटई उचलली गेली नाही.

लोसानं हात केला नसेल. घाम डोळ्यांत उतरला. मग रेतीवर काठीचा आवाज आला. आसीआता निघाले! पावलं जवळ आली. अगदी जवळ. थांबली. मातायोनं मान किंचित पुढं केली.

पावलं परत फिरली.

काय चुकलं? ओरडावं, तर शॉट बिघडेल. उठावं, तर उद्याची बोट येणारच. समोरचं भिंग हलत नव्हतं. आणि कुठूनशी एक वेडी भीती वर आली: उचललीच नाही तर? या म्हाताऱ्यानं नाहीच म्हटलं तर? त्याचं मन वळवायला मातायोच्या हातात काहीच उरलं नव्हतं. देवा, तो म्हणाला, ओठ न हलवता. देवा, देवा. मुलगा कुणाचा, ट्रक कुणाचा, सगळं पुसट झालं. कुणीतरी यावं, एवढंच राहिलं. रविवारचं भजन आपोआप आत सुरू झालं, आणि त्याच्या दुसऱ्या कडव्यावर तो अडखळला, कारण श्वास पुरेना.

काठी पुन्हा वाजली. चटई वर गेली. डोळ्यांत ऊन शिरलं.

"ऊठ," आसीआता म्हणाले. हे वाक्य लिहिलेलं नव्हतं. "ऊन फार झालंय. आत चल."

"कट," लोसा म्हणाली, पण हळू. मग धावत आली. "आजोबा! मी हात करून करून दमले हो!"

"दिसला की. आंधळा आहे का मी?"

"मग परत का गेलात?"

"पोरगा गेलाय ना आमचा? आलो, तर मन होईना. म्हणून मागं फिरलो."

"अहो, पण हे खोटं आहे!"

"मग तूच उचलायची होतीस. मला कशाला बसवलंस?"

हेमी जमिनीवरच हसत लोळला. लोसा मात्र हसली नाही. तिनं छोट्या पडद्यावर शॉट मागं नेला, एकदा पाहिला, आणि निर्मात्याकडे वळली. "ऑकलंडला कळवा, नको म्हणून."

मातायोनं डोकावून पाहिलं. पडद्यावर कुणी एक घाबरलेला म्हातारा होता, तोंड जरासं उघडं, नजर चटईच्या विणीला चिकटलेली. त्याला एकदम झाकून घ्यावंसं वाटलं. भुताच्या खेळातलं सगळं दुसऱ्या दिवशी भुतावर ढकलता येतं. हे कुणावर ढकलणार? हे तोंड चार गावं बघतील, सेलेपा बघेल, आणि कुणी म्हणणार नाही की त्याच्या अंगात भूत होतं.

आसीआतांनी त्याचं मनगट धरून त्याला आत नेलं. त्यांच्या सुनेनं कोको केलाच होता. चटई उचलल्यावर पाहुण्याला कोरडं पाठवत नाहीत. मातायो मांडी घालून बसला. कोकोचा कप त्यानं तोंडाला लावला.

"काका!" बाहेरून लोसाची हाक आली. "झालं छानच, पण आणखी एकदा घेऊ या? असू दे हाताशी म्हणून!"

मातायोनं कप खाली ठेवला आणि घाबरून आसीआतांकडे पाहिलं.

म्हाताऱ्यानं बाहेर वळूनही पाहिलं नाही. "सांग तिला," ते म्हणाले, "एकदा केलंय माफ. परत परत कसं करू?"