बाबांचा रोजचा शब्द

मोबाईलवर तीन रिकाम्या चौकटी होत्या आणि वर सूचना: 'पक्ष्याने काड्यांनी बांधलेले घर'. सूचनेशेजारी चित्रही होतं. मी मोबाईल बाबांसमोर धरला. त्यांनी डाव्या हाताची वाटी केली आणि एक शब्द उच्चारला. ठाम, न अडखळता. शब्द पावरी होता, सातपुड्यातल्या आमच्या आदिवासी बोलीतला. मला पावरी येत नाही.

दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय हळूहळू चालू लागला, मराठी मात्र परत आली नाही; ऐकलेली थोडीफार कळायची, बोलता-लिहिता येत नव्हती. आयुष्यभर त्यांनी आश्रमशाळेत तीच शिकवली होती. पहिलीतली मुलं मराठीपाशी कशी गप्प होऊन बसतात ते रोज पाहत असल्यामुळे घरात माझ्याशी कुणी पावरी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. आईसुद्धा माझ्यासमोर मराठीच बोलायची. मी झोपले की दोघांची कुजबुज वेगळ्या भाषेत चाले. मी कुठेच गप्प बसले नाही. लोणखेड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आई आता नाही.

उपचार करणाऱ्या बाईंनी शब्दांचे खेळ खेळायला सांगितलं, म्हणून हे रोजचं कोडं. मी 'घरटे' टाइप केलं. चौकटी हिरव्या झाल्या. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांचं उत्तर खोडून दुसरंच काही लिहिलं, असं त्यांना वाटलं असावं.

धडगावकडून भुरीबाई आत्या राहायला आली तेव्हा खेळाचा रंग बदलला. कोडं मी वाचायची. बाबा उत्तर द्यायचे. आत्या पदर तोंडाला लावून हसायची.

"बरोबर सांगस तो," ती बाजारात शिकलेल्या अहिराणीत मला म्हणाली. "तुन्हा मोबाईलच येडा शे."

"मोबाईलला मराठीच कळते, आत्या."

"मंग तुन्हासारखाच शे."

बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. मग दोघं भराभर बोलू लागली. बाबांच्या वाक्यांना सुरुवात होती, शेवट होता, मध्ये थट्टा होती. त्यांचं बोलणं गेलेलं नव्हतंच. फक्त माझ्यापर्यंत येत नव्हतं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

आत्या विचारात पडली. "आमनं लहानपणनं शे, पोरी. तुले कसं सांगू?"

शेळ्या शेजाऱ्यांकडे ठेवून आली होती, त्यामुळे आठवड्याच्या आतच ती परत गेली. मी तिच्याकडून पाणी, भूक, दुखणं एवढे शब्द लिहून घेतले होते.

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी माझा हात धरला आणि ते बोलू लागले. पाणी नव्हे. भूक नव्हे. दुखणंही नव्हे. मी खिडकी उघडली, पांघरूण दिलं, आईचा फोटो आणला. फोटो त्यांनी हळूच बाजूला ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, वर्गातल्या मंद मुलाला सांगावं तसं. मी समजल्यासारखी मान हलवली. ती खोटी आहे हे त्यांना लगेच समजलं.

मी म्हटलं, "बाबा, पुन्हा बोला," आणि मोबाईलवर त्यांचा आवाज टिपून आत्याच्या मुलाला, लखनला पाठवला. त्यांच्या पाड्यावर नेटवर्क नाही. लखन टेकडीवर चढतो तेव्हाच संदेश पोचतात. बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. एकच टिक दिसत होती.

उत्तर शनिवारी आलं. लखनचा निरोप नव्हता, अर्थही नव्हता. आत्याचाच आवाज होता, भावाशी बोलणारा, सबंध पावरी. मी लखनला फोन लावला, लागला नाही. तो टेकडी उतरला होता.

मी संदेश बाबांना ऐकवला. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरले. ते मान डोलवत राहिले, मग उत्तर द्यायला पुढे झुकले. माझ्याकडे न बघता, मोबाईलकडे.

मी बटण दाबलं आणि मोबाईल त्यांच्या तोंडाजवळ धरला. ते खूप वेळ बोलले. माझा हात दुखायला लागला, तरी मी तो हलवला नाही.