रिताची पाठ मी ताठ धरली

मी पाठीचा पट्टा बोलतोय. जाड कापडात शिवलेल्या दोन सपाट पट्ट्या, खांद्यावरून येणारे बंद, पोटावर चिकटणारी पकड, एवढाच मी. भंडाऱ्याच्या एका दुकानात लटकलो होतो, तिथून अकरा वर्षांच्या रिताच्या पाठीवर आलो.

रिता करडी गावची. आई चंद्रकांता, वडील गोपीचंद, घरची धानाची शेती. पोरीची पाठ तीन महिने दुखत होती. एक्स-रेत एक मणका खचलेला दिसला, तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, "टीबी आहे. गोळ्या खा, पट्टा बांधा." असा मणका बहुतेक वेळा टीबीचाच निघतो, म्हणून मणक्याचा तुकडा काढून तपासायचं कोणी बोललं नाही.

मी माझं काम चोख केलं. माझ्यामुळे रिता ताठ बसायची. शेजारी म्हणायचे, पोरगी सुधारली. मला मात्र तिच्या पाठीवर उजवीकडे फुगवटा जाणवत होता, आठवड्यागणिक वाढणारा. मी तिचा आजार झाकत होतो, आणि मला ते सांगता येत नव्हतं.

दोन महिन्यांनी आंघोळीसाठी मला सोडलं आणि रिता उठता उठता कोसळली. चंद्रकांतानं तिचा डावा पाय हातात घेतला. "अंगठा हालव, माय." अंगठा हलला नाही.

"पाय हालूनच नाई राहिला पोरीचा," तिनं गोपीचंदला सांगितलं.

"गोळ्या सुरू हायेत ना? वेळ लागते."

"तवरी पाय जाऊ देऊ का? मी नागपूरले जाऊन राहिली. तुमी या, नाई तर नोका येऊ."

तो आला.

नागपूरचे मणक्याचे सर्जन डॉ. अश्विन एमआरआय बराच वेळ पाहत राहिले. "मला हा टीबी वाटत नाही. मणक्यात रक्तानं भरलेली गाठ आहे. मुलांमध्ये क्वचित होते. कॅन्सर आहे की नाही, ते सुईनं तुकडा काढल्यावरच कळेल."

"सुई लावली का गाठ फैलते म्हणतात, साहेब," गोपीचंद म्हणाला.

"नीट जागा ठरवून घातली तर तो धोका फार कमी. थांबलो तर मात्र पाय जातील."

गोपीचंदचा हात सहीपाशी अडला. रिता पडल्या पडल्या म्हणाली, "करा ना बाबा. मले चालाचं हाये." त्यानं सही केली.

रिपोर्टला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी उजवा पायही जड झाला. गाठ कॅन्सरची नव्हती, पण मणका पोखरून मज्जारज्जू दाबत होती. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. त्याच दिवशी मांडीतून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बुजवल्या. दुसऱ्या सकाळी ऑपरेशन.

सात तास चंद्रकांता मला मांडीवर घेऊन बसली होती. माझी पकड उघडायची, लावायची. चर्र, चर्र. गोपीचंदनं एकदाही तिला थांब म्हटलं नाही.

गाठ निघाली, मणके स्क्रूंनी बांधले. शुद्धीवर आल्यावर रिताचा उजवा पाय हलला. डावा नाही. डावा अंगठा चौथ्या दिवशी हलला, इतका थोडा, की आईनं डॉक्टरांना दोनदा विचारलं.

पुढे तीन महिने मी पुन्हा तिच्या पाठीवर होतो. आज ती शाळेत चालत जाते, डावा पाय जरा ओढत. गाठ परतू शकते, म्हणून तपासण्या चालू आहेत. प्रत्येक तारखेच्या आधी घरात कोणी नीट जेवत नाही.

मी आता खुंटीवर असतो. काल शेजारचे केवळराम आले. "वहिनी, माझ्या पोट्टीची पाठ लय दिवसांपासून दुखून राहिली. तो पट्टा द्या ना."

"पट्टा नाई देत, भाऊजी. आधी तिले मोठ्या डॉक्टरले दाखवू. उद्या मी संगं येईन."

आज सकाळी चंद्रकांता, केवळराम आणि त्यांची पोरगी बसनं गेले. मला कोणी नेलं नाही, हेच बरं झालं. तुमच्याही लेकराची पाठ दुखत राहिली, तर मला बांधायची घाई करू नका. आधी आत काय आहे ते पाहून घ्या.