फूसीने राखलेला दात

मी फूसीच्या वरच्या ओळीतला पुढचा दात बोलतोय. टोंगातल्या वावाऊ बेटावर, चर्चच्या बँडमध्ये ती ट्रम्पेट वाजवते. ट्रम्पेट ओठांना टेकलं की त्याचा सगळा भार मी आणि माझा जोडीदार पेलतो.

एकदा होडीतून उतरताना फूसी घसरली आणि मी धक्क्याच्या कठड्यावर आपटलो. बाहेरून शाबूत राहिलो, पण आतली नस मेली. पुढे मुळाशी पू धरला आणि तिचा ओठ टरारून सुजला.

आमच्याकडे आत्याच्या शब्दापुढे कुणी जात नाही. ऐलीनी आत्याने स्वतःच्या पायाच्या जखमेसाठी आणलेल्या, उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या पुढे केल्या. "घे गं. डॉक्टर तरी वेगळं काय देणार? वर सुया खुपसेल!"

ठणका थांबला. आत्या फुशारली. मी मात्र आतल्या आत कुजतच होतो. पुन्हा सूज, पुन्हा त्याच गोळ्या. शेवटी सूज डोळ्याखाली चढली आणि फूसी तापाने फणफणली.

"उपटूनच टाक मेल्याला," आत्या म्हणाली. "एका दाताचं एवढं काय कौतुक?"

"त्या दातावर माझा सूर उभा आहे, आत्या. तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. आज पडू देते."

फूसी तडक दवाखान्यात गेली. धुसफुसत आत्याही मागोमाग आली.

डॉक्टर मोआला म्हणाल्या, "गोळी रक्तातून फिरते. या दातात रक्तच जात नाही, मग ती आत पोचणार कशी? घाण हातानेच काढायला हवी."

"म्हणजे गोळ्या नकोतच?" आत्याने विचारलं.

"आज हव्यात. ताप आहे, सूज दाताबाहेर पसरतेय, तिथे गोळी पोचते. पण आधी दात उघडायचा. आणि गोळ्या मी देईन त्याच, उरल्यासुरल्या नाहीत."

मला भोक पडलं, पू वाहिला. फूसीने खुर्ची घट्ट धरली, पण तोंड मिटलं नाही. ताप उतरल्यावर ती पुन्हा गेली. माझं मूळ साफ करून, भरून घेतलं.

पहिल्या सरावाला आत्या पुढ्यातच बसली. "फुंक की जोरात! दात काय शोभेला राखलास?"

फूसीने फुंकलं. सूर पार बंदरापर्यंत गेला.

आता मी जरा करडा दिसतो, थंड-गरम मला कळत नाही. पण पाय रोवून उभा आहे. माझ्यासारख्याला गोळ्यांखाली झाकू नका, घाईने उपटूही नका. आतून स्वच्छ करा. भार पेलायचं आम्ही बघतो.