मेलेल्यांचा डबा

आमच्या घरात जीप माझ्याआधी आली, म्हणून तिला सगळे थोरली म्हणतात आणि मला धाकटी. तिसरं भावंड नाही. लहानपणी मला याचा फार राग यायचा, कारण थोरली खोकली की बाबा रजा टाकायचे आणि मी खोकले की म्हणायचे, "तिला वाफ दे गं जरा."

बाबा सरकारी वर्कशॉपमध्ये फोरमन होते. भंगारात निघालेली ही जीप त्यांनी लिलावात घेतली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. आई म्हणायची, एवढ्यात एक खोली वाढली असती. खोली वाढली नाही. पुढच्या पडवीत थोरली राहिली आणि आमच्या खुर्च्या आत आल्या.

दरवर्षी जुन्या जीपवाल्यांचा मेळावा भरतो, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत. आधी गाड्या रांगेत लावून एकमेकांची बॉनेटं उघडून बघायची आणि मग एकेकाने खाणीच्या चढावर गाडी चढवायची. चढाच्या दोन्ही अंगांना माणसं उभी असतात, पोरं तर पार पुढे येऊन बसतात. सगळ्यांत शेवटी बाबा चढवतात. तो मान त्यांचा.

यंदा बाबांनी चढावर जायचं नाही, हे मी ठरवलं होतं. आईलाही पटलं होतं. बाबांना तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

झालं होतं असं. काही आठवड्यांपूर्वी गल्लीत गाडी मागे घेताना बाबांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलेटरवर पडला. थोरली शेजाऱ्यांचं फाटक आडवं करून अंगणात घुसली आणि त्यांच्या चिमुरडीची तीनचाकी चपटी झाली. चिमुरडी तेवढ्यात पाणी प्यायला आत गेली होती. बाबा खाली उतरले ते पांढरे पडूनच. म्हणाले, "ब्रेक लागला नाही." मी दुपारी चारही चाकं उतरवून ब्रेक बघितले. ब्रेक उत्तम होते. मी बघतेय हे बाबांनी खिडकीतून बघितलं. मी काही बोलले नाही, ते काही बोलले नाहीत, आणि फाटक आम्ही नवं बसवून दिलं.

"तू सांग त्यांना," आई म्हणाली. "तुझं ऐकतात."

"तू बायको आहेस."

"म्हणून तर म्हणतेय, माझं ऐकत नाहीत."

असं आम्ही दोघी ते एकमेकींच्या अंगावर ढकलत राहिलो आणि मेळावा जवळ आला. बाबांचा राग नाकावर असतो. मी लोकांचे नकली दात बनवते, दिवसभर तोंडं बघते, पण बाबांच्या तोंडावर काही सांगायची माझी आजवर छाती झालेली नाही.

तयारी सुरू झाली. दर सुट्टीला मी आणि बाबा पडवीत. खालचा चिखल खरवडून काढला, ग्रीस भरलं, वायपरचं रबर बदललं, सीटचं उसवलेलं कापड बाबांनी दाभणाने शिवलं. त्यांनी नवा रोटरही बसवला. रोटर म्हणजे बोटभर लांबीचा काळा तुकडा. तो डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली फिरतो आणि पत्ते वाटावेत तसा एकेका प्लगला करंट वाटतो. आतून फुटला की करंट मधल्या मधे गिळून टाकतो, पण बाहेरून कोरा करकरीत दिसतो. बाबांनी यंदा आणलेला पहिला रोटर असाच लगेच मेला होता. तपासून दुसरा बसवला आणि मेलेल्याला लाल दोरा बांधून डब्यात टाकला.

हा डबा म्हणजे बाबांचा वर्कशॉपमधला नियम. मेलेला भाग फेकायचा नाही, लाल दोरा बांधून वेगळ्या डब्यात ठेवायचा. "मेलेला आणि जिवंत सारखेच दिसतात धाकटे, दोऱ्याशिवाय सोडलास तर कुणीतरी परत गाडीत घालणार." आई त्याला मेलेल्यांचा डबा म्हणते आणि झाडू मारताना त्याला हात लावत नाही.

बाबा अंघोळीला गेले होते तेव्हा मी तो डबा उघडला. कोऱ्या रोटरचा दोरा कात्रीने कापला, थोरलीतला चांगला रोटर काढून माझ्या पर्समध्ये टाकला आणि मेलेला तिच्यात बसवला. झाकण लावलं, हात पुसले. दोन मिनिटांचं काम. मला त्या वेळी अपराधी बिपराधी काही वाटलं नाही, उलट मी स्वतःवर खूश होते. गाडी सुरूच झाली नाही तर चढ कुठला? मेळावा गेला की रोटर बदलायचा. भांडण नाही, अबोला नाही, कुणाचा मान गेला नाही.

बाबांनी सेल्फ मारला. थोरली नुसती घरघरली. त्यांनी परत मारला.

"बघतो," ते म्हणाले, आणि बाही वर केली. तेव्हा ते खुशीतच होते. बिघाड म्हणजे त्यांना मेजवानीच.

मग त्यांनी सगळं बघितलं. प्लग काढून घासले. पॉइंट घासले. कार्बोरेटर खोलून टेबलावर मांडला, जेवायची ताटं आम्ही मांडीवर घेतली. कॉइलपर्यंत करंट येतोय, प्लगला पोचत नाही, इथपर्यंत ते आले. मी शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी होते. आता शोधायला फार काही उरलं नव्हतं.

बाबांनी झाकण काढलं. रोटर उचलून हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, अंगठा फिरवला.

"मला सारखं वाटतंय, इथंच आहे," ते म्हणाले.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. त्यांनी तो तपासला असता, हसले असते, मला शिव्या घातल्या असत्या. पण मी म्हणाले, "बाबा, तो तर नवा आहे. तुम्हीच तपासून बसवलात ना? तिथं नाही काही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो. मीच बसवला." आणि रोटर परत जागेवर घातला.

खरा गुन्हा तो. दोरा कापला ते सोडा, पण ज्या माणसाचं बोट नेमकं दुखण्यावर होतं, त्याचं बोट मी माझ्या हाताने बाजूला केलं.

त्यानंतर बाबा खचत गेले. तेच तेच परत तपासायचे. तपासलेली वायर परत काढायचे, मला विचारायचे, "ही बघितली का गं आपण?" पडवीत स्टुलावर बसून थोरलीकडे नुसते बघायचे. जेवताना मीठ मागायचे आणि मीठ समोरच असायचं. आई म्हणाली, "यांचं काहीतरी बिनसलंय, तू विचार." मी विचारलं नाही. मला माहीत होतं काय बिनसलंय. रोज सकाळी ठरवायची की आज सांगते, आणि रोज पर्स खांद्याला लावून कामावर जायची. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला रोटर असायचा. नकली दात घासून गुळगुळीत करताना मला बाबांचा अंगठा दिसायचा. माझ्या हातून त्या काळात एक अख्खी कवळी बिघडली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी कामावरून आले तर बाबा पान्यांची पेटी पुसत होते. एकेक पाना तेलाच्या फडक्याने पुसून जागेवर.

"ही दाढीवाल्याला देऊन टाक," ते म्हणाले. दाढीवाला म्हणजे मेळावा भरवणारा, पिवळ्या जीपचा मालक. "त्याच्याकडे वापरली जाईल."

"बाबा, काहीतरीच काय?"

"अगं, मला आता समजत नाही यातलं. एका जागी काय बिघडलंय ते दिसत नाही मला. पेटी घरात ठेवून काय पूजा करायची?" ते चिडून बोलले असते तर मी सहन केलं असतं. ते अगदी शांतपणे बोलले.

ते आत गेल्यावर मी चांगला रोटर परत बसवला आणि मेलेला पर्समध्ये टाकला. सेल्फ मारला आणि थोरली पहिल्याच झटक्यात सुरू झाली. बाबा धावत बाहेर आले, पायात चप्पल नव्हती.

"काय होतं?"

आत्ता सांगायचं होतं. शब्द जिभेवर होते. "वायर," मी म्हणाले. "कॉइलची. आतून तुटली होती."

"ती मी बघितली होती. दोनदा बघितली."

"दिसत नव्हती बाबा."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या पाठीवर थाप मारली. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या पाठीवर कधी थाप मारलेली नव्हती. "शाब्बास धाकटे," ते म्हणाले. "उद्या तूच चालव. चढावरही तूच ने. माझं आता काही खरं नाही." आणि किल्ली माझ्या हातात दिली. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि ती किल्ली कुठेतरी फेकून द्यावी असं मला झालं.

खाणीत आम्ही पोचलो तर सगळे बाबांभोवती जमले. बाबा ज्याला त्याला एकच सांगत होते. गाडी बंद पडली होती, मला सापडलं नाही, हिनं शोधलं. लोक माझं कौतुक करत होते आणि मी हसत होते. जनाची नाही तर मनाची तरी असावी, तीही मला उरली नव्हती. चढावर गाडी मी चढवली. बाबा शेजारी बसले होते. टाळ्या पडल्या. थोरली वर पोचली तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि मी समोर बघत राहिले.

खाली उतरलो तर दाढीवाला समोर. "काका, जरा बघता का? माझी पिवळी मिस मारतेय, मधेच आचके देतेय."

दरवर्षी हे असतंच. बाबा हातातला चहा तसाच ठेवून उठतात. यंदा ते जागचे हलले नाहीत. "आता हिला विचारत जा रे," ते हसून म्हणाले. "मला हल्ली समजत नाही."

तेवढ्या 'हल्ली'ने माझा बांध फुटला. मी बाबांना हाताला धरून थोरलीच्या मागे नेलं आणि पर्समधला रोटर त्यांच्या हातावर ठेवला.

त्यांनी तो उजेडात धरला. नखाने खरवडला. "हा तर मेलेला."

"हो."

"दोरा कुठाय याचा?"

"मी कापला बाबा. हा मी गाडीत घातला होता. चांगला माझ्याकडे होता. वायरला काही झालं नव्हतं."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा उजळला, खरंच उजळला. "म्हणजे तिथंच होतं! मी म्हटलं होतं तुला, इथंच आहे!"

"हो बाबा."

"मला बरोबर कळलं होतं!" ते मोठ्याने म्हणाले. मग ते माझ्याकडे बघायला लागले आणि उजळलेलं सगळं हळूहळू उतरलं. "आणि तू म्हणालीस, तिथं नाही."

मी रडायला लागले. म्हणाले, ती तीनचाकी, ती पोर, तुमचा पाय. ब्रेकला काही झालं नव्हतं.

"ते मला माहीत नाही का?" बाबा म्हणाले. "मग तोंडावर सांगायचं."

"तुम्ही चिडला असता."

"चिडलो असतो. आठवडाभर बोललो नसतो. मग? मग बोललो असतो की." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं माझं डोकं कामातून गेलं. तुझ्या आईला विचारलं मी, मी काही विसरायला लागलोय का गं. बायकोला विचारलं."

रोटर खिशात टाकून ते पिवळ्या जीपकडे गेले. मी लांबून बघत होते. बॉनेटमध्ये वाकले, कान लावला, काहीतरी पिळलं. पिवळी सरळ चालायला लागली. लोक हसले, बाबा हसले नाहीत.

परत निघताना मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडून उभी राहिले. बाबा मागे जाऊन आडव्या बाकावर बसले. पुढची सीट रिकामी राहिली.

बाबांना एक गोष्ट सहन होत नाही, गाडी खालच्या गिअरमध्ये ओरडत ठेवलेली. झोपेत असले तरी उठून सांगतात, अगं तिसरा टाक, मारशील तिला. खाणीतून मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी मुद्दाम दुसऱ्यावरच ठेवली. थोरली ओरडत होती. मी आरशात बघत होते. बाबा बाहेर बघत होते. मी आणखी थोडं ॲक्सिलेटर दाबलं, ती आणखी ओरडली. मागून एक शब्द आला नाही.

बरंच अंतर मी तशीच चालवली. मग तिसरा मीच टाकला.